चार मीटर

पहिल्याच तासाला सार मास्तरांनी विचारलं,
भूगोल का घेतलात?
कुणी म्हणालं, कायद्याला जागा मिळाली नाही.
कुणी म्हणालं, नकाशे आवडतात.
मी गप्प.
पंखा कुरकुरत होता, खिडकीतून
नुसत्या धुळीचा वास. मासळीचा नाही.
एवढ्या आत कधी राहिले नव्हते मी.

घरी बाबांनीही तेच विचारलं होतं, जाळं सांधता सांधता.
म्हणजे कुठे काय आहे, ते शिकवतात?
ते तर मला ठाऊक आहे, खुदिया.

खोटं नव्हतं. सेनेगल नदी समुद्राला मिळते तिथे
बाबा डोळे मिटून ओठांवरून जीभ फिरवतात
आणि सांगतात, नदी किती उरली.
माझ्याकडे त्यासाठी यंत्र आहे, विद्यापीठाचं,
सही करून न्यायचं,
पाचच्या आत परत.

माझं आणि त्या तोंडाचं वय एकच.
सेंट-लुईत पुराचं पाणी चढत होतं
म्हणून एका रात्री, नदी आणि समुद्र यांच्यामधल्या
वाळूच्या चिंचोळ्या पट्टीत
एक चर खणला. चार मीटर.
धावत आलेलं पोर उडी मारून पार करील, एवढाच.
पूर उतरला. शहरानं सुस्कारा सोडला.
आई तेव्हा माझ्या कळा देत होती,
तिला यातलं काही कळलं नाही.

समुद्राला दिली ओसरी,
त्यानं पाय पसरले.
मी रांगायला लागले तेव्हा
पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जात नव्हती.
मी शाळेत गेले तेव्हा
पलीकडे माणूस आहे की खांब, ते कळत नव्हतं.
आणि केर-सेलो, आमचं गाव, नेमकं त्याच्या समोर.
आधी विहीर मचूळ झाली.
मग सुरूची झाडं शेंड्याकडून वाळली.
मग मशिदीच्या पायरीवर खेकडे,
आणि मग पायरी नाही.

दुसऱ्या वर्षी तो चर अभ्यासाला आला.
मास्तरांनी फळ्यावर खडूची एक रेघ ओढली,
तिच्यात बोटानं फट पाडली.
वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे चालते, म्हणाले,
तिची वाट मोडली की ती दुसरीकडे जेवायला बसते.
खणणारे मूर्ख नव्हते. घाईत होते.
पाणी कुठून जाईल ते त्यांनी विचारलं,
कुठे थांबेल, ते विचारायचं राहिलं.

मला रडू आलं, असं लिहिलं असतं तर शोभलं असतं.
मला राग आला.
आमची विहीर, सुरू, खेकडे, सगळं मिळून
सहा गुणांचा प्रश्न.

तरी तो मी सोडवला. पाच मिळाले.

सुट्टीत बाबांना म्हटलं, होडी काढा, गाव मोजायचंय.
ते हसले. पण आले.
उघड्या पाण्यात, जिथे मला काहीच दिसत नव्हतं,
त्यांनी मोटर बंद केली, किनाऱ्यावरचा मनोरा पाहिला,
दूरची पाण्याची टाकी पाहिली,
दोन्ही नजरेत एका ओळीत आणून म्हणाले, इथे.
विहीर.
थोडं पुढे, इथे न्गोनेचं दुकान, उधारी बाकी आहे.
मग बराच वेळ काही नाही.
मग, इथे तू.

मी काय?

तू जन्मलीस ती खोली.

मी शिशाचा गोळा सोडला. सव्वादोन मीटर.
यंत्रावरचे अंश, मिनिटं, सेकंद उतरवून घेतले.
बाबांनी कागद उलटासुलटा धरून पाहिला.
हे आकडे घेऊन कुणीही येईल इथे? मला न विचारता?
कुणीही, म्हटलं.
मी नसताना?
मीही नसताना.
बाबा पाण्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, टिंबाच्या पुढचे आकडे नीट काढ,
तुझा तीन पाचासारखा दिसतो.

यंत्र परत दिलं तेव्हा साडेसहा वाजून गेले होते.
कारकुनानं दंडाची पावती सरकवली.
तिच्यात एक रकाना होता, उशिराचं कारण.
मी लिहिलं,
घरी गेले होते.